जावा की पायथॉन? तुम्ही विचारलंत म्हणून

“सध्या मार्केटमध्ये कोणती प्रोग्रामिंग लँग्वेज चालते?” बारावीचा निकाल लागला की मुलुंडच्या आमच्या सोसायटीत हा प्रश्न सुरू होतो, तो इंजिनीअरिंगच्या ॲडमिशन संपेपर्यंत. मी “बेसिक पक्कं करा, लँग्वेज काय, कुठलीही येते” असं म्हणतो. समोरच्याला वाटतं, हा टाळतोय. टाळतोच. आज नाही टाळत.

आधी तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवता ते, कुठली लँग्वेज किती लोकप्रिय याचे तक्ते. टिओबी इंडेक्स बघतो ते सर्च इंजिनांवर लँग्वेजच्या नावाने किती पानं सापडतात. पीवायपीएल हा दुसरा तक्ता बघतो, गूगलवर ट्युटोरियल किती शोधली जातात. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथॉन टिओबीत पहिल्यांदा अव्वल आली, पण म्हणून ऐरोलीतल्या कंपन्यांनी जावावाले काढून पायथॉनवाले घेतले नाहीत. आणि ट्युटोरियल शोधतं कोण? शिकणारे. म्हणजे तुमच्या मुलाबरोबर इंटरव्ह्यूच्या रांगेत उभे राहणारे.

मग जाहिराती मोजाव्यात? एकच जागा चार कन्सल्टन्सीवाले टाकतात. ‘जावा’ शोधलं की जावास्क्रिप्टच्याही येतात, नाव सारखं पण लँग्वेज वेगळी. त्यातून एकाच जाहिरातीत जावा, वेबपानांसाठी अँग्युलर, डेटाबेससाठी एसक्यूएल, जमल्यास पायथॉन. मोजणार कशात?

हे सगळं मी शहाण्यासारखं बोलतोय खरा, पण एकेकाळी माझ्या लँग्वेजच्या जाहिराती मोजायची गरजच उरली नव्हती. एकही येत नव्हती.

मी फ्लॅशवाला, म्हणजे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि गेम चालवणारं अडोबीचं ते सॉफ्टवेअर. अंधेरीत ई-लर्निंगचं काम, फ्लॅशची लँग्वेज ॲक्शनस्क्रिप्ट ३. स्टीव्ह जॉब्सने २०१० मध्ये आयफोनवर फ्लॅश का नको ते लिहिलं, तेव्हा आम्ही टपरीवर हसलो होतो: आयफोन आहे कोणाकडे? अडोबीने २०१७ च्या जुलैत जाहीर केलं की २०२० अखेर फ्लॅश बंद. त्याच्या आधीच कंपनीने आमची टीम आवरली होती.

पवईला इंटरव्ह्यू. फॉर्मवर ‘जावाचा अनुभव, वर्षं’ असा रकाना. शून्य लिहिलं. आत माझ्यापेक्षा बराच लहान मुलगा बसलेला. त्याने कागदावर जावात साधा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, लिहायला सांगितला. हात ॲक्शनस्क्रिप्टच्या सवयीने चालला: ‘व्हार’, ‘आय’, कोलन, ‘इंट’. जावात ‘इंट’ आधी, नाव मागून, कोलनचं कामच नाही. त्याने पेन्सिलने त्या कोलनभोवती गोल काढला आणि विचारलं, “सर, हे पास्कल आहे का?” पास्कल म्हणजे फार जुनी लँग्वेज. कुचेष्टा नव्हती, खरंच विचारत होता. तो ‘सर’ फार लागला. मी म्हटलं, क्लास, इंटरफेस, पॅकेज सगळं तेच आहे, महिन्याभरात हात बसेल. तो म्हणाला, “मला पटतंय, पण क्लायंटला रेझ्युमे पाठवतो तेव्हा जावाची वर्षं दाखवावी लागतात.” खाली उतरलो आणि कांजूरला जायच्या बसऐवजी चालतच निघालो.

फ्लॅश निवडली ही चूक होती असं मात्र मी अजून म्हणणार नाही. त्या वर्षांत आमचा पगार जावावाल्यांपेक्षा कमी नव्हता आणि स्पर्धा थोडी होती. आज वेबसाठी चालणाऱ्या टाइपस्क्रिप्ट या लँग्वेजमध्ये तोच कोलन, त्याच जागी. त्याच्याभोवती कोणी गोल काढत नाही. पण ‘लँग्वेज गौण, लॉजिक महत्त्वाचं’ हे मी नोकरीत बसून बोलतो हेही खरं. त्या फॉर्मवर लॉजिकचा रकाना नव्हता.

तर उत्तर. मुंबईत, ओळखीपाळखीशिवाय पहिली नोकरी हवी असेल तर जावा आणि एसक्यूएल. इथे बँका आहेत, विमा कंपन्या आहेत, शेअर बाजार आहे, आणि त्यांचा वर्षानुवर्षांचा कोड कोणीतरी सांभाळायचाच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाला हेच सांगितलं होतं. त्याने न ऐकता पायथॉन केलं आणि गोरेगावला लागला. आता काकू मला विचारतात, “तुम्ही अजून जावाच का हो?” हो, जावाच. तेही आठवं व्हर्जन, २०१४ चं, कारण आमच्या क्लायंटला ते हलवायचं नाहीये.