51 लाख अक्षरांची फजिती

निपाणीजवळच्या एका रानात धनगरमामांची बकरी खतासाठी बसली होती. (आमच्याकडं मेंढ्यांनाही बकरीच म्हणतात.) एका मेंढीच्या कानाखाली लिंबाएवढी गाठ होती. केस कातरून, आयोडीन लावून सुई घातली, पण पू वर चढेचना. शेवटी चीर दिली. आत हिरवट, खव्यासारखा घट्ट पू, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला.

"ह्या घाणीचं काय करणार रं?" मामांनी विचारलं.

"त्यातल्या जंतूची कुंडली काढणार."

जंतू म्हणजे कॉरिनेबॅक्टेरियम स्यूडोट्युबरक्युलोसिस. बर्फाच्या डब्यातून नमुना बसनं बेळगावला नेला, ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या, जंतू वाढवायच्या प्लेटवर) पसरून 37 अंशांत ठेवला. 24 तासांत वसाहती (जंतूंचे ठिपके) दिसल्या आणि मला दम निघेना. एक उचलली, वाढवली, डीएनए काढून सिक्वेन्सिंगला, म्हणजे त्याची अक्षरं वाचायला, पाठवला.

वाचलेले तुकडे जोडल्यावर बेरीज आली 51 लाख अक्षरं. ह्या जंतूचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, असतो साधारण 23 लाखांचा! काहीतरी नवीनच सापडलं म्हणून रात्रभर झोप नाही. सकाळी तुकड्यांत जी आणि सी ही अक्षरं किती टक्के, ह्याचा आलेख काढला, तर दोन कुबडांच्या उंटाची पाठ: एक 52 टक्क्यांशी, ते आपलं. दुसरं 33 शी, ते स्टॅफिलोकॉकस ऑरियस ह्या दुसऱ्याच जंतूचं. त्याचा जीनोम 28 लाखांच्या आसपास. 23 आणि 28. शोध संपला.

स्टॅफ एका दिवसात फोफावतो, आपल्या जंतूला नीट दिसायला 48 तास लागतात. मी उचललं त्यात दोघंही होते.

थोडा पू उणे 80 अंशांना राखला होता म्हणून वाचलो. ह्या खेपेला दोन दिवस प्लेटला हात लावला नाही. मग छोट्या, कोरड्या, मळकट पांढऱ्या वसाहती आल्या. लूपनं (तारेच्या कडीनं) ढकलली तर न मोडता अख्खी सरकायची. तीनदा एकेक वसाहत वेगळी केली. पेशीची भिंत मेणचट, त्यामुळं लायसोझाइममध्ये (भिंत तोडणाऱ्या एन्झाइममध्ये) रात्रभर भिजवली.

आता बेरीज 23 लाखांच्या घरात आली. रक्तवाहिन्या पाझरायला लावून जंतूला पसरायला वाट देणारा पीएलडी जनुकही सापडला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलच्या शेळीतल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या मेंढीतल्या जीनोमशेजारी ठेवला, तर बहुतेक सगळं जुळत होतं.

मामांना एवढंच सांगितलं, "गाठवाली बकरी शेवटी कातरा, आणि कातर औषधात बुडवा. गाठ फुटून पू कातरीला लागला की दुसरीच्या जखमेत जातो."

"एवढ्यासाठी वरीस घातलंस व्हय?" मामा म्हणाले आणि कातर पुसायला लागले. धोतरालाच.