बाबांच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस, माझा अनुभव

दिवाळीच्या आधी बाबांचा सांगलीहून फोन आला, "अरे कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, खाली कोपऱ्यात सारखं लाल लाल येतंय, पाच व्हायरस सापडले म्हणतोय, अँटिव्हायरस संपला, आजच्या आज रिन्यू करा म्हणतोय." मी म्हटलं कशावरही क्लिक करू नका, शनिवारी येतो. पण तोवर त्यांनी गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारूनही टाकलं होतं आणि त्याने तीन वर्षांचा अँटिव्हायरसचा डबा घ्या म्हणून सांगितलं होतं.

मग डबा घ्यायचाच तर कुठला हे बघायला बसलो. आपल्याकडे पहिलं नाव निघतं क्विक हीलचं, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या काटकर बंधूंची कंपनी, त्यामुळे जरा आपलेपणा असतोच. पण नुसत्या आपलेपणावर घेऊ नये म्हणून जर्मनीतलं एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातलं एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या अँटिव्हायरसची परीक्षा घेणाऱ्या संस्थांचे रिझल्ट काढले, दोन्ही फुकट बघता येतात. व्हायरस पकडण्यात वरच्या नावांमध्ये फारसा फरकच नाही, आणि विंडोजसोबत फुकट येणारा अँटिव्हायरस डिफेंडरही त्याच रांगेत बसलेला. मग मशीन किती स्लो होतं हा प्रश्न उरला, आणि बाबांच्या डेस्कटॉपला ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क, म्हणजे आधीच बैलगाडी. फुकटातलं अवास्ट घ्यावं म्हटलं तर युजर्सचा ब्राउझिंग डेटा विकला म्हणून अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावलेत. तेही बाद, मग डिफेंडरच बरा.

शनिवारी जाऊन बघतो तर व्हायरस वगैरे काही नाहीच! लाल चित्राखाली बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि कुठल्यातरी विचित्र साइटचा पत्ता. बाबांनी पंचांग शोधताना कुठेतरी 'अलाऊ' दाबलं होतं, तेव्हापासून ती साइट नोटिफिकेशन पाठवत होती आणि बाबा तिला कॉम्प्युटरचा आवाज समजत होते. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडली तर अशा नऊ साइट, सगळ्या उडवल्या, दोन मिनिटांत शांतता. बाबा म्हणाले, "मग तो पाच व्हायरस कशाला म्हणत होता?" काय सांगणार.

खरी गडबड वेगळीच होती. मुदत संपलेला जुना अँटिव्हायरस अजून मशीनवर होता आणि त्याच्यामुळे डिफेंडर झोपलेला. दुसरा अँटिव्हायरस असला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. जुना काढताना नेहमीच्या अनइन्स्टॉलने अर्धा तसाच राहिला, कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल चालवावं लागलं, दोनदा रीस्टार्ट, प्रत्येक रीस्टार्टला एक चहा. मग डिफेंडर जागा आहे का बघायला आयकार या संस्थेची अँटिव्हायरस तपासायची ६८ अक्षरांची टेस्ट ओळ नोटपॅडमध्ये टाकली (त्यात खरा व्हायरस नसतो, पण अँटिव्हायरसने तिला पकडायचं असं ठरलेलं आहे) आणि सेव्ह केल्या केल्या फाइल गायब! बाबा खूश, परत करून दाखव म्हणाले.

रॅन्समवेअरसाठीचं (म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरससाठीचं) कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस, ओळखीच्या नसलेल्या प्रोग्रॅमला फोल्डरमध्ये बदल करू न देणारं डिफेंडरचं सेटिंग, चालू केलं तर बाबांचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर फाइल सेव्हच करेना, सोसायटीची नोटीस अर्धवट अडकली, शेवटी ते अलाऊच्या यादीत घातलं तेव्हा चाललं. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आलेला पेनड्राइव्ह उघडायच्या आधी राइट क्लिक करून स्कॅन करायचा, हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय.

आणखी एक म्हणजे विंडोज १०. त्याचा सपोर्ट, म्हणजे भोकं बुजवणारी नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे मशीन ११ घेत नाही. सिस्टिमलाच भोक असेल तर वर कितीही भारी अँटिव्हायरस बसवा, ते भोक तसंच राहतं. म्हणून वाढीव सिक्युरिटी अपडेटसाठी नाव नोंदवून टाकलं, ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत येतील, मग नवीन मशीनचं बघू.

डब्याचे पैसे वाचले त्यात थोडे घालून १ टीबीची बाहेरची डिस्क आणली, बॅकअप झाला की वायर काढून ठेवायची. बाबांनी ती कपाटात पासबुकांशेजारी ठेवलीय आणि पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला की काढतात.