पिंप सीच्या धाटणीची बीट, सहावा आठवडा: ग्रिड बंद केली

मंडळी, बासलाइन (खालच्या, जाड सुरांची धून) सुटली. पूर्ण नाही, पण आता ऐकताना मान डोलते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. यूजीके, म्हणजे अंडरग्राउंड किंग्ज, ही पिंप सी आणि बन बी यांची अमेरिकन रॅप जोडी. त्यांच्या धाटणीची एक बीट, म्हणजे रॅपच्या खाली वाजणारं संगीत, मी घरी बांधतोय. वेग ७२ बीपीएम (मिनिटाला ७२ ठोके), आणि सॅम्पल, म्हणजे जुन्या गाण्याचा तुकडा, न उचलता सगळं प्रत्यक्ष वाजवायचं. पाच आठवडे एकाच जागी अडकलो होतो: सूर बरोबर, ड्रम बरोबर, तरीही सगळं निर्जीव.

या आठवड्यात यूजीकेचा 'रायडिन डर्टी' (१९९६) हा अल्बम हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकला. त्यातल्या 'वन डे' गाण्यात आयझली ब्रदर्स या जुन्या सोल बँडचं सॅम्पल आहे, पण माझं लक्ष या वेळी अल्बमभर पसरलेल्या गिटार आणि बासकडे होतं. तिथे माणसं वाजवताहेत. बासचा स्वर किकच्या (मोठ्या ड्रमच्या ठोक्याच्या) किंचित मागे रेंगाळतो, आणि तो दर वेळी सारखाच रेंगाळत नाही. मी मात्र प्रत्येक स्वर क्वांटाइझ करून, म्हणजे संगणकाकडून ग्रिडवर (लयीच्या आखीव रेषांवर) ठोकून बसवत होतो! मंगळवारी ग्रिड बंद केली आणि आठ बार (आवर्तनं) सलग हाताने वाजवले. बावीस टेक झाले. एकोणिसावा ठेवला.

हा अल्बम आला तेव्हा पिंप सी २२ वर्षांचा होता. हे कान कुठून आले, ते त्याचं घर पाहिलं की कळतं. चॅड बटलर, जन्म १९७३, गाव पोर्ट आर्थर: टेक्ससच्या किनाऱ्यावरचं, तेलशुद्धीकरण कारखान्यांचं. वडील व्यावसायिक ट्रम्पेटवादक, सावत्र वडील बँड शिकवणारे. रॅपमध्ये जरा संगीत घाल, असं सावत्र वडिलांनीच त्याला सांगितलं होतं. शाळेत तो पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकला आणि आंतरशालेय स्पर्धेत टेनर सोलोसाठी त्याला अव्वल श्रेणी मिळाली. आपल्या संगीताला तो 'कंट्री रॅप ट्यून्स' म्हणायचा, आणि त्यातल्या 'ट्यून्स' या शब्दावर माझा सगळा जीव आहे. बन बीचा भारदस्त आवाज जमिनीसारखा, आणि त्याच्यावर पिंप सीचा उंच, ओढून बोललेला स्वर. ही जोडीसुद्धा मला वाद्यमेळासारखीच ऐकू येते.

ऑर्गनचं काम मात्र रखडलंय. मी लहानपणापासून पेटी वाजवतो, त्यामुळे उजवा हात चालतो. डावा आयुष्यभर भाताच हलवत आला. डाव्या हाताने कॉर्ड धरून ठेवायची म्हटली की लय सुटते. रोज वीस मिनिटं फक्त डावा हात, असा नेम धरलाय.

ड्रमबद्दल एक धडा यूजीकेच्या 'इंटरनॅशनल प्लेयर्स अँथम' या गाण्यातून घेतला. निर्मिती डीजे पॉल आणि ज्यूसी जे यांची, सॅम्पल सोल गायक विली हच यांचं. पाहुणा रॅपर आंद्रे ३००० चं अख्खं कडवं ड्रमशिवाय जातं. पिंप सी तोंड उघडतो तेव्हा ड्रम कोसळतात. इतका वेळ ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं म्हणजे धीर लागतो. माझ्या बीटमध्ये ड्रम पहिल्या सेकंदापासून होते. आता सुरुवातीचे सोळा बार काढून टाकले, नुसता बास आणि ऑर्गन ठेवला. फरक तुम्हालाही कळेल.

हे गाणं ऐकताना दर वेळी मी तारखांपाशी थांबतो. २००२ ते २००५ पिंप सी तुरुंगात होता, बाहेर बन बीने त्याचं नाव जिवंत ठेवलं. डिसेंबर २००५ मध्ये सुटका. ऑगस्ट २००७ मध्ये जोडीच्याच नावाचा 'अंडरग्राउंड किंग्ज' अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी ४ डिसेंबरला लॉस एंजेलिसला लागून असलेल्या वेस्ट हॉलिवूडच्या एका हॉटेलात तो गेला, वय ३३. कोडीनचं कफ सिरप आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार, दोन्ही एकत्र भोवले. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या रॅपला मान मिळाला तेव्हा तो मान उपभोगायला त्याला जेमतेम चार महिने मिळाले, हे मला आजही सहन होत नाही.

पुढच्या आठवड्यात वा-वा गिटार, म्हणजे पायाच्या पेडलने स्वर 'वा-वा' असा उघड-बंद करणारी. पेडल मित्राकडून आणलंय, गिटार वाजवणाराही तोच. माझी एकच अट आहे: कॉपी-पेस्ट नाही, चारही मिनिटं सलग वाजवायची. कुणी वा-वा मायक्रोफोन लावून रेकॉर्ड केलं असेल तर अँपपासून (गिटारच्या अँप्लिफायरपासून) माइक किती अंतरावर ठेवला ते कळवा.