अभ्यासिकेसाठी व्हीपीएस घेतला आणि तो सांभाळायला शिकले

दादाची नंदनवनला अभ्यासिका आहे, एमपीएससी आणि बँकिंगची पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात, आणि कोणाची सीट कुठली, कोणाची फी कधी संपते हे सगळं एका वहीत. मी पायथनमध्ये छोटीशी साईट बनवली पण शेअर्ड होस्टिंगवर ती काही चालेना, म्हणून मे महिन्यात एक व्हीपीएस (भाड्याने मिळणारा, आपण स्वतः सांभाळायचा छोटा सर्व्हर) घेतला, १ जीबी रॅम, उबुंटू २२.०४ ही लिनक्स सिस्टीम. मी बीकॉम, टॅली करणारी, टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, तोवर कधी उघडलंही नव्हतं.

एसएसएचने (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सुरक्षित पद्धत) पहिलं लॉगिन सोपं गेलं. ईमेलमध्ये आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) आणि रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूझरचा, पासवर्ड आला होता. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, टिंबंसुद्धा नाही, पण आत तो जात असतो, नवीन माणसाने घाबरू नये.

दुसऱ्या दिवशी ऑथ डॉट लॉग ही लॉगिनच्या नोंदींची फाईल उघडली आणि पोटात गोळाच आला. फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूझर, ओळीमागून ओळ, ॲडमिन, टेस्ट, पोस्टग्रेस, मधेमधे रूट. मी तो आयपी दादाशिवाय कोणाला सांगितलापण नव्हता! मग वाचून कळलं की माझ्या मागे कोणी लागलेलं नाही, कुठकुठली मशीनं एकेक आयपी घेऊन पोर्ट २२ वर, म्हणजे एसएसएचच्या नेहमीच्या दरवाजावर, पासवर्ड लावून पाहत असतात, दिवसरात्र. तरी मला चैन पडेना, कारण त्या पोरांचे मोबाईल नंबर यात जाणार होते आणि ते त्यांनी आमच्या भरवशावर दिलेले.

त्याच रात्री पासवर्डऐवजी चालणारी एसएसएच की बनवायला बसले. ईडी२५५१९ प्रकारच्या कीची जोडी, प्रायव्हेट की लॅपटॉपवर, पब्लिक की सर्व्हरवर, आणि रूटऐवजी सुडोवाला (गरजेपुरते रूटचे अधिकार वापरणारा) वेगळा यूझर. लॉगिन केलं की परमिशन डिनाईड. परत केलं, परत तेच. दोन तास गेले, कूलरमधलं पाणी संपलं, दादा येऊन म्हणे, "अजून काय करून राहिली तू?" शेवटी एलएस या यादी दाखवणाऱ्या कमांडने कीचा फोल्डर नीट पाहिला तर मालकाच्या जागी रूट, ग्रुपच्या जागीही रूट. डॉट एसएसएच फोल्डर मी रूट म्हणून लॉगिन असताना बनवला होता, त्यामुळे माझ्या यूझरच्या घरातल्या पेटीला कुलूप रूटचं. चाऊन कमांडने मालक बदलला, फोल्डरला ७०० आणि आतल्या फाईलला ६०० परवानगी दिली, म्हणजे दोन्ही फक्त मालकासाठी, आणि लगेच आत गेले.

मग पासवर्ड लॉगिन बंद करायचं होतं. एसएसएचच्या मेन कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाईलमध्ये) पासवर्ड लॉगिनपुढे नो लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी दुसऱ्या लॅपटॉपवरून पासवर्ड विचारतच होता. हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते: शेजारी एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी नावाचा फोल्डर असतो, त्यात ५०-क्लाऊड-इनिट नावाची फाईल होती आणि तिच्यात येस लिहिलेलं. ओपनएसएसएच (सर्व्हरवर एसएसएच चालवणारा प्रोग्राम) जी सेटिंग आधी सापडते तीच धरतो, आणि तो फोल्डर आधी वाचला जातो. खरोखर काय लागू आहे ते सुडो एसएसएचडी, हायफन, मोठा टी असं दिलं की दिसतं.

सगळ्यात मोठी चूक फायरवॉलची. यूएफडब्ल्यू, म्हणजे बाहेरची कनेक्शनं अडवणारा उबुंटूचा फायरवॉल, एनेबल केलं, त्याने विचारलंसुद्धा की एसएसएच कनेक्शन तुटू शकतं, पुढे जायचं का, मी वाय दाबलं. उघडी विंडो तशीच चालत राहिली म्हणून मला वाटलं सगळं नीट आहे, मी एक्झिट मारून झोपले. सकाळी कर्सर नुसता लुकलुकतो आणि मग टाईमआऊट. ओपनएसएसएचला अलाऊ केलंच नव्हतं ना, चालू कनेक्शन तेवढं सोडलं होतं, नवीन सगळी अडवली. रडूच आलं. मग होस्टिंगच्या पॅनेलमधलं कन्सोल सापडलं, ते ब्राउझरमध्ये उघडतं आणि एसएसएचमधून जात नाही, तिथून लॉगिन करून यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच टाईप केलं.

तेव्हापासून एसएसएचला किंवा फायरवॉलला हात लावला की जुनी विंडो बंद करत नाही, दुसऱ्या विंडोतून आत जाऊन पाहते आणि मगच. अपग्रेडपण टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवते, उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की वायफाय जातो, पण टीमक्समधलं काम सर्व्हरवर चालूच राहतं.

जूनमध्ये फीचे रिमाइंडर क्रॉनवर (ठरल्या वेळी काम आपोआप करणारी सोय) लावले सकाळी ८ चे, आणि ते गेले दुपारी दीडला, कारण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. टाईमझोन एशिया कोलकाता केला, क्रॉन रीस्टार्ट केला. दुसऱ्या दिवशी बरोबर ८ ला पहिला मेसेज गेला, आणि दादाने त्या दिवशी वही उघडलीच नाही.