दारूला न शिवणारी बाई पबमध्ये काय करते?

गावी गेले की पहिल्या दोन दिवसांत कुणीतरी विचारतंच. मागच्या वेळी मावसबहिणीने विचारलं, त्याआधी इथल्या, इंग्लंडातल्या गणपतीत एका काकांनी. "तू थेंबाला शिवत नाहीस, घरात पंढरीची वारी, आईने गावातली बाटली आडवी केली. मग त्या खेड्यातल्या पबमध्ये महिन्यातून दोनदा काय करायला जातेस?" दर वेळी मी "तसलं नाही गं ते" म्हणून विषय बदलते. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

हेस्केट न्यूमार्केट हे उत्तर इंग्लंडच्या कंब्रियातलं गाव. मी कार्लाइलला रुग्णालयात नोकरी करते, तिथून गाडीने अर्धा तास. लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर उत्तरेला जिथे संपतात, तिथे पायथ्याशी एक लांबट हिरवळ, तिच्या दोन्ही अंगांना जुनी घरं, आणि बाजाराची खूण म्हणून खांबांवर उभं असलेलं एक छप्पर. बाजार केव्हाच मोडला, नावात तेवढा राहिला. 1857 साली इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स आणि विल्की कॉलिन्स इथे आले होते. पावसाधुक्यात शेजारचा कॅरक फेल डोंगर चढले आणि कॉलिन्सचा पाय मुरगळला. ते उतरले होते ती खाणावळ आता राहतं घर आहे. गावाला उरलेला पब एकच, 'ओल्ड क्राउन'.

आपल्याकडे पब म्हटलं की पुण्यामुंबईतला काळोख आणि छातीत धडधडणारी गाणी डोळ्यांसमोर येतात. खेड्यातल्या पबचा त्याच्याशी संबंध नाही. पब म्हणजे 'पब्लिक हाउस', चारचौघांचं घर. लहान खोल्या, शेकोटी, शेकोटीपुढे कुणाचा तरी ओला कुत्रा आणि दाराशी चिखलाचे बूट. डोंगर उतरून आलेले, मेंढ्या आवरून आलेले, नवरा गेल्यावर घरात करमत नाही म्हणून आलेल्या आजी, सगळे एकाच बाकावर. इथे पाळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायची रीत आहे, तिला 'राउंड' म्हणतात. माझी पाळी आली की मी उठून चार पाइंट बिअर आणि एक लिंबू-सोडा सांगते. माझा सोडा बघून आजवर कुणी भुवई उंचावलेली नाही. कुणाची मेंढी अडली, कुणाच्या छपराची कौलं गेली, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, हे सगळं तिथे ठरतं. आमच्या गावच्या मारुतीच्या पारावर जे व्हायचं तेच. फरक एवढा की पारावर मी बाई म्हणून कधी बसले नाही, आणि इथे बसते.

या पबच्या मागच्या जुन्या कोठारात 1988 साली तेव्हाच्या मालकाने, जिम फर्नली यांनी, स्वतःची बिअर गाळायला सुरुवात केली. बिअरना नावं दिली ती आजूबाजूच्या डोंगरांची, स्किडॉ, ब्लेनकॅथ्रा, हेल्वेलिन. एक मात्र डोंगराची नाही, ती घरातल्या डोरिस आजींच्या नव्वदाव्या वाढदिवसाची. मी चव घेतलेली नाही, पण आजीच्या वाढदिवसाला गावाने एक पिंप भरावं आणि पुढे वर्षानुवर्षं ते नाव फळ्यावर राहावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. फर्नली थकले तेव्हा 1999 मध्ये गिऱ्हाइकांनीच पैसे घालून ती भट्टी सहकारी केली.

मग 2001 आलं. त्या वर्षाबद्दल मला थांबून सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या वर्षी लाळ्या-खुरकूत पसरला. आमच्या गोठ्यात हा रोग मी लहानपणी पाहिलाय. आई तुरटीच्या पाण्याने गाईचं तोंड धुवायची, खुरांना औषध लावायची, पंधरा दिवसांत गाय चारा खायला लागायची. दूध तुटायचं, पण गाय राहायची. इथे सरकारचा नियम होता की रोग दिसला की अख्खा कळप मारायचा, लागून असलेल्या शेतावरचाही. देशभरात 2,000 हून अधिक शेतांवर रोग निघाला, त्यातली जवळपास 900 एकट्या कंब्रियात. साठ लाखांवर जनावरं मारली गेली. कार्लाइलजवळ ग्रेट ऑर्टनच्या जुन्या विमानतळावर साडेचार लाखांहून जास्त मेंढ्या पुरल्या. मी नवीन होते. रात्रपाळी संपवून बाहेर पडले की वाऱ्यावर जळक्या लोकरीचा वास यायचा. तो वास नाकातून जायला वर्ष लागलं. फोनवर आईला सांगितलं, तर ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "लाळीला कुणी जीव घेतं का?"

डोंगराच्या वाटा बंद, बाजार बंद, शेताच्या फाटकाशी जंतुनाशकात भिजवलेला पेंढा. शेतकरी शेतकऱ्याकडे जाईना. लोक आपापल्या घरात एकटे पडले होते. माझ्या वॉर्डात तेव्हा जी माणसं आली, त्यांच्या आजाराची नावं वेगळी होती, पण दुखणं ते होतं.

त्यानंतर दोन वर्षांत 'ओल्ड क्राउन' विकायची वेळ आली. मालक जोडपं निवृत्त होत होतं. खेड्यातला पब एकदा विकला की बहुधा त्याचं राहतं घर होतं किंवा सुट्टीत येणाऱ्यांचा बंगला. ज्यांनी भट्टी वाचवली होती त्यांनी ठरवलं की पबही आपणच घ्यायचा. सव्वाशेच्या आसपास माणसांनी दीड-दीड हजार पौंड काढले. गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन शेजारीच राहतात, तेही त्यांत होते. कुणी कितीही मोठा असो, प्रत्येकाला मत एकच. 2003 साली ब्रिटनमधला पहिला सहकारी पब उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी तेव्हाचे युवराज चार्ल्स येऊन पाहून गेले.

ही हकीकत मला पहिल्यांदा सांगितली गेली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण मी ती आधी ऐकलेली होती, वडिलांच्या तोंडून. आम्ही नगर जिल्ह्यातले. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून शेअर गोळा करत होते, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, आणि 1950 साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ज्यांनी कधी शंभराची नोट नीट पाहिली नव्हती ते मालक झाले. आमच्या घरी दिवाळीच्या आधी सभासदांची साखर यायची. वडील पोतं स्वतः उतरवून घ्यायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. साखर दुकानातही मिळायची. पण ही आपली होती.

हा विचार मुळात इथलाच. हेस्केटपासून दोनेक तासांवर रॉचडेल आहे. तिथे 1844 साली विणकर आणि कारागीर मिळून 28 जणांनी पीठ, साखर, लोणी विकणारं दुकान काढलं. त्यांच्या नियमांवर जगभरचा सहकार उभा राहिला, आमच्या दिवाळीच्या साखरेपर्यंत.

आता आईच्या बाटलीचं. आमच्या गावात देशी दारूचं दुकान होतं. त्याने काय केलं ते इथे लिहीत नाही, आमच्या आळीतल्या तीन घरांत ते सगळ्यांनी पाहिलंय. 2008 साली नियम पक्का झाला की गावाने मागणी केली तर मतदान घ्यायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली तर दुकान बंद. घरी बसलेल्या प्रत्येक बाईचं मत विरोधात गेल्यासारखंच. आई दारोदार फिरली, दोन म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन मतदानाला नेल्या. बाटली आडवी झाली. मला तिचा अभिमान आहे, आज गावात असते तर मीही तिच्याबरोबर फिरले असते.

मग तिने एक दुकान बंद पाडलं आणि मी दुसऱ्याचं कौतुक करते, हे कसं? मला यात विरोध दिसत नाही. आमच्या गावातलं दुकान ज्याचं होतं तो तालुक्याला राहायचा. कोण पितो, किती पितो, घरी जाऊन काय करतो, हे त्याला दिसत नव्हतं आणि दिसून चालणार नव्हतं. इथे जो जास्त घेतो त्याला गल्ल्यावरचा माणूस नावाने ओळखतो, त्याच्या बायकोलाही ओळखतो, आणि "आज पुरे" म्हणतो. दारू इथेही घरं बुडवते, ते मी रुग्णालयात रोज बघते, आणि बहुतेक वेळा ती सुपरमार्केटातून आणून घरात एकट्याने प्यायलेली असते. ब्रिटनमध्ये 2000 साली 60 हजारांच्या आसपास पब होते, आता 45 हजारांच्या आसपास उरलेत. दारू काही त्या प्रमाणात कमी झालेली नाही. कमी झालं ते एकत्र बसणं. 2011 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये, गावाने आधी नोंद करून ठेवलेला पब विकायला निघाला तर गावाला पैसे जमवायला सहा महिने मागून घेता येऊ लागले, आणि आज गावांनी विकत घेतलेले दीडशेच्या वर पब आहेत. हेस्केटच्या लोकांच्या हाती तेव्हा असला कायदाही नव्हता.

आई एकदाच आली इकडे. तिला मी तिथे नेलं. नऊवारी, वर माझा लोकरी कोट. दाराशी थबकली, वास घेतला. मग विचारलं, "मालक कोणता?" मी म्हटलं, "हे बसलेत ना, ते." ती आत आली.

शेकोटीशेजारी तिच्याच वयाचे एक मेंढपाळ होते. त्यांनी मला विचारायला सांगितलं, तुमच्याकडे जनावरं किती? आईने बोटं मोजून दाखवली. ते हसले आणि इथल्या जुन्या धनगरी मोजणीने मोजू लागले, "यान, ट्यान, टेथेरा, मेथेरा, पिंप." पिंपाला आईने हात वर केला. "पाच," ती म्हणाली. दहाला त्यांचं 'डिक', आईचं 'दहा'. वीसपर्यंत आले आणि त्यांनी खिशात खडा टाकल्यासारखं केलं: वीस झाल्या की एक खडा, मग पुन्हा यानपासून.

मी आईला ते सांगायच्या आत तीच म्हणाली, "विसा. सासूबाई तशाच मोजायच्या. त्यांना सांग, पाच विसा झाल्या की शंभर."