तलावातले मासे मेले, पण विष कोणी टाकलंच नव्हतं

मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करते, म्हणजे एरवी बाटल्या, लेबलं आणि रिपोर्ट एवढंच. पण त्या जूनमध्ये सकाळी सकाळी फोन, ठाण्यातल्या एका तलावात मासे मेलेत, लवकर या. पोचले तर काठावर ही गर्दी, रोहू-कटला पांढरी पोटं वर करून तरंगतायत आणि जो तो म्हणतोय रात्री कोणीतरी विष टाकलं. एका आजोबांनी तर कोणी टाकलं तेही ठरवून ठेवलं होतं.

मला मात्र पायरीपाशी एक मरळ दिसली, एकदम मजेत. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते, रोहू-कटल्याला ते जमत नाही. विष असतं तर हिलाच बरं सोडलं असतं?

मग पाण्यात ऑक्सिजन किती ते बघायला काचेची बाटली पाण्याखालीच भरली, आत बुडबुडा राहिला की टेस्ट बाद. त्यात मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड, बूच लावून हलवलं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. खाली बसला तो जवळजवळ पांढराच. शेजारचा पोरगा लगेच, "हेच का विष?" म्हटलं नाही रे, हे काहीच नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे.

झालं असं की पाणी शेवाळाने हिरवंगार, आणि हे शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं खरं पण रात्री माशांसारखंच स्वतःही घेतं. त्यात बरेच दिवस आभाळ भरलेलं, ऊन नाही, म्हणजे दिवसाची कमाई बंद आणि रात्रीचा खर्च चालूच. वर आदल्या संध्याकाळी जोराची सर आली, रस्त्यावरची घाण आत, वरचं पाणी गार होऊन खाली गेलं आणि गाळालगतचं बिनऑक्सिजनचं पाणी वर आलं, उरलासुरला ऑक्सिजन घाण कुजवणाऱ्या जिवाणूंनी संपवला. शिवाय कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच. शाळेत आपण जैविक-अजैविक असे दोन रकाने पाडून पाठ केलं, इथे ढग, पाऊस, गाळ, शेवाळ, जिवाणू सगळे एकाच रात्री एकमेकांच्या अंगावर आले होते.

विषासाठी वेगळी सँपलं घेतलीच, घ्यावीच लागतात, ती नंतर क्लीन आली. आजोबांना अजून पटलेलं नाही.

निघताना वॉचमन काकांना विचारलं, मधलं ते कारंजं कधी चालू असतं? म्हणाले, "संध्याकाळी सात ते दहा मॅडम, लोकं फिरायला येतात ना." म्हटलं काका, कारंज्याने हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो, माशांना ते पहाटे तीन ते सहा लागतं, तेव्हाच ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. काका हसायलाच लागले, "पहाटे कोण बघायला येणार?" रिपोर्टमध्ये मी तेच लिहिलं, कारंज्याची वेळ बदला, निदान ढगाळ दिवसांत तरी.