बदकांच्या तळ्यातून आलेली खाज
मागच्या रविवारी आम्ही सगळे ठाण्याहून मामाकडे गेलो होतो, मुरबाडच्या पुढे. मामाने तळ्यात बदकं पाळलीयेत, आणि भाचा सकाळी दहा वाजल्यापासून त्यांच्या मागे गुडघाभर पाण्यात. परतीच्या वाटेवर गाडीतच त्याने पाय खाजवायला सुरुवात केली. घरी येऊन बघितलं तर दोन्ही नडग्यांवर लाल पुळ्या, आणि पाणी जिथपर्यंत होतं तिथपर्यंतच, गुडघ्याच्या वर एकही नाही, जणू कुणी रेघ मारलीये.

ताई म्हणाली डास चावले असतील. मलाही आधी तेच वाटलं, पण ती रेघ काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, पाण्यात बदकं होती का, गोगलगायी होत्या का?

होत्या ना, कडेच्या गवताला चिकटलेल्या, ढिगाने!

बदकाच्या रक्तवाहिन्यांत एक चपटा कृमी राहतो, त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, अंड्यातून निघालेली अळी गोगलगायीत शिरते, तिथे एकाच्या शेकडो होतात आणि ऊन वर आलं की बाहेर पडून परत बदक शोधत पोहतात. माणसाचा पाय सापडला तर त्यातही घुसतात, पण आपल्या अंगात त्या जगत नाहीत, कातडीतच मरतात आणि त्याचीच ही खाज. आठवड्याभरात जाते, एकाची दुसऱ्याला लागत नाही. फक्त खाजवून जखम करू द्यायची नाही, ती चिघळते. पाण्यातून आल्या आल्या टॉवेलने खसाखसा पुसलं तर बराच फरक पडतो.

मग घरात सुरू झालं, बदक खायचं की नाही. अहो, ही खाज मटणातून येत नाही. मटणाची काळजी वेगळी, ती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या परजीवी जंतूची. मांजराच्या विष्ठेतून तो मातीत येतो, बदक माती चिवडतं, मांसात बारीक गाठी राहतात आणि बदक बाहेरून एकदम तरतरीत दिसतं. ताईच्या जावेला पाचवा महिना आहे म्हणून मी हे तिला बसवून सांगितलं, कारण गरोदरपणात हा संसर्ग पहिल्यांदा झाला तर बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना धोका असतो. मटण आतपर्यंत पूर्ण शिजलेलं हवं, 74 अंशांपर्यंत, आणि कच्चं कापलं की हात, सुरी, पाट सगळं साबणाने धुवायचं. अर्धं कच्चं चाखून मीठ बघायची आपल्याकडे सवय असते, ती तर आधी बंद.

मामाला फोन करून म्हटलं, मुलांना त्या पाण्यात सोडू नकोस, तू पण गमबूट घाल, आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून बदकं एकदा दाखव. तो जरा वेळ गप्पच झाला. मग म्हणाला, अगं, बदकं आणल्यापासून चार वर्षं माझ्या पायाला खाज सुटतेय, दरवर्षी आधीपेक्षा जास्त, मी चिखलाची म्हणून खोबरेल चोळत होतो.